नऊच्या पलीकडे

१

माणसं मोजण्यात मस्टरांची उभी हयात गेली. कारखान्याच्या फाटकाशी काचेची एक खोली, खोलीत टेबल, टेबलावर हजेरीपट आणि हजेरीपटामागे मस्टर. चौतीस वर्षं हे असं चाललं. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव त्यात केव्हाच गळून पडलं. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात त्यांचं खरं नाव घेतलं, तेव्हा मागच्या रांगेतल्या दोघांनी ‘हे कोण?’ म्हणून एकमेकांकडे पाहिलं होतं.

निवृत्तीनंतर मोजायला नऊच माणसं उरली. रोज सकाळी साडेसहाला तलावाच्या काठी जमणारा व्यायामाचा गट. त्यात मस्टर आले, मस्टरांची थोरली बहीण, ताई, आली आणि सगळ्यांच्या डोक्यावर सर आले. सर शाळेत कवायत शिकवून निवृत्त झाले होते. आवाज तेवढा निवृत्त व्हायचा राहिला होता. अकरा वर्षांत गटाचा एक दिवस चुकला नाही, हे सर नव्या माणसाला ओळखीच्या आधी सांगत.

तलाव असा की पलीकडचा काठ दिसत नाही. एरवी तो गरीब गायीसारखा पडून असे. वाऱ्याच्या दिवसांत मात्र लाटा कठड्यावर डोकं आपटत, आणि गुडघाभर उंचीचा तो कठडा ओलांडून पाणी फरशीवर येई. कठड्याशी पाटी होती : ‘लाटा उंच असताना येथे चालू, धावू अगर व्यायाम करू नये.’ सरांनी ती पाटी एकदा मोठ्यानं वाचून दाखवली होती. ‘अगर लिहिलंय. म्हणजे तिन्ही एकदम करायचं नाही. आपण एकच करतो.’

तलावावर एक पहारेकरी होता. त्याच्या कचेरीनं शेवटी तोड काढली. वाऱ्याच्या दिवशी एकट्यादुकट्याला बंदी. गटानं यायचं तर प्रमुखानं आत जाताना आणि बाहेर येताना माणसांचा आकडा सांगायचा, पहारेकऱ्यानं तो वहीत लिहायचा. त्यातून मोजणी सुरू झाली. तलावाकडे तोंड करून सगळे एका ओळीत उभे राहत. डोळे मिटून दहा मिनिटं दीर्घ श्वास. मग डोळे न उघडताच सर डावीकडून ‘एक!’ म्हणत आणि शेजारच्याच्या खांद्याला हात लावत. त्यानं ‘दोन’ म्हणून पुढच्याला हात लावायचा. लाटांच्या गाजेत आवाज ऐकू न आला तरी हात कळतो, हा सरांचा शोध. मस्टर तिसरे. आठव्या टेलरबाई. नववी, अगदी उजव्या टोकाला, ताई. तिच्यापलीकडे कठडा संपत होता. तिथून पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांच्या तोंडाशी एक लोखंडी साखळी.

त्या सकाळी वारा होता. लाट फुटल्याचा तुषार तोंडावर येत होता. मोजणी सुरळीत गेली. टेलरबाईंचा बारीक ‘आठ’, ताईचा खणखणीत ‘नऊ’.

आणि मग कोणीतरी म्हणालं, ‘दहा.’

२

सगळे हसले. गटातला सलूनवाला सगळ्यांत जास्त हसला, म्हणून मस्टरांचा पहिला संशय त्याच्यावर गेला. कारखान्यातला अनुभव असा होता, की दुसऱ्याची हजेरी लावणारा माणूस त्या दिवशी फार खुशीत असतो.

चहाच्या टपरीवर त्यांनी त्याला बाजूला घेतलं. ‘तूच ना?’

‘मी काय?’

‘दहा म्हणणारा.’

‘मस्टर, माझा आवाज फुटक्या डब्यासारखा आहे. बायको तीस वर्षं सांगतेय. तो दहा कसा होता?’

मस्टरांनी आठवून पाहिलं. ‘हळू होता. जरा... नम्र.’

‘मग तर सुटलोच की मी!’ सलूनवाला म्हणाला. ‘नम्र माणूस शोधा. आपल्या गटात सापडला तर तुमची दाढी वर्षभर फुकट.’

घरी आल्यावर ताई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून मस्टरांच्या सदऱ्याला बटण लावत होती. दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत मस्टर आणि त्यांची पुस्तकं, आतल्या खोलीत ताई आणि तिची औषधं. दोन वर्षांपूर्वी ताईचे यजमान गेले आणि मस्टरांनी तिला इकडे आणलं. पहिलं वर्ष ती खिडकीशी बसून राहिली. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची, त्यापलीकडे नाही. त्या खिडकीपासून तिला उठवलं ते या गटानं. आता ती टेलरबाईंशी भांडत असे, सलूनवाल्याला टपल्या मारत असे, आणि तिचं हसू ऐकून मस्टर रात्री निवांत झोपत. आई गेली तेव्हा मस्टर पाच वर्षांचे होते आणि ताई तेराची. पुढचं सगळं तिनंच केलं होतं.

‘ताई, सकाळी तुझ्या पलीकडे कोण होतं गं?’

‘मला काय ठाऊक? डोळे मिटलेले होते.’ तिनं दोरा दातानं तोडला. ‘सगळे पुढच्याला हात लावतात म्हणून मीही लावला. दर वेळी हात हवेतच जायचा. आज खांदा लागला.’

‘खांदा?’

‘लोकरीचं काहीतरी घातलेलं होतं त्यानं. चिंब भिजलेलं. मला वाटलं, तूच फिरून आलास माझी थट्टा करायला.’

‘मी तिसरा उभा होतो.’

‘मग दुसरं कोणी असेल. तुला काय करायचंय, बाळ्या? आता इथेही हजेरी मांडणार आहेस का?’

तिनं सदरा पुढे केला. मस्टरांचं लक्ष तिच्या उजव्या हाताकडे गेलं. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती. तासभर धुणं धुतल्यावर होतात तशी. डावा हात कोरडा, नेहमीसारखा. घरी येऊन दीड तास झाला होता.

‘भांडी घासलीस का?’

‘अजून नाही. का, तू घासतोस?’

३

पुढचे सहा दिवस तलाव शांत होता आणि मोजणी नवावर थांबली. मस्टर स्वतःवर चिडले. वय झालं, म्हणाले. माणसं मोजायची सवय जात नाही, म्हणाले. सातव्या दिवशी वारा सुटला.

मोजणी झाली. एक ते नऊ, स्वच्छ. दहा नाही. मस्टरांचा जीव भांड्यात पडला. सर पहारेकऱ्याच्या टेबलाशी जाऊन ‘नऊ गेले, नऊ आले’ असं ओरडले, पहारेकऱ्यानं वहीत लिहिलं, आणि मंडळी टपरीवर गेली.

टपरीवालीनं चहा ओतला. मस्टरांनी सवयीनं पेले मोजले. आठ.

‘एक कमी आहे,’ ते म्हणाले.

‘कुठे कमी? टेलरबाई नाहीत ना आज,’ टपरीवाली म्हणाली. ‘त्यांना ताप आलाय. सून सांगून गेली सकाळीच.’

मस्टरांच्या हातातला पेला तसाच राहिला. त्यांनी ताईकडे पाहिलं. ती सलूनवाल्याला तंगड्या कशा ताणाव्यात ते शिकवत होती. तिच्या उजव्या बाहीला खांद्यापासून कोपरापर्यंत ओल होती.

‘ताई, तू आज कितवी होतीस?’

‘आठवी. बाई नव्हत्या ना.’

‘मग नऊ कोण म्हणालं?’

मग सर बोलले, कारण सरांना शांतता सहन होत नसे. ‘मस्टर, आकडा नऊ पाहिजे होता, नऊ आला. आता तो कोणी भरला, कसा भरला, याची चौकशी कशाला?’

‘आपण आठ होतो, सर.’

‘एखाद्यानं दोनदा म्हटलं असेल.’

‘कोणी?’

सगळ्यांनी कानावर हात ठेवले. मस्टर उठून पहारेकऱ्याकडे गेले. तो खुर्चीत बसून पायाला तेल चोळत होता. वहीत दोन्ही रकान्यांत नऊ होते.

‘तू माणसं बघतोस की नाही?’

‘बघायचं कशाला, साहेब? सर सांगतात ना.’ त्यानं वही मिटली. ‘मी पाण्याकडे बघतो. येणारी लाट काही करत नाही, ती नुसती भिजवते. परत जाते ना, तिला भ्यावं. फरशीवर शेवाळ, तुमच्या पायात काही नाही. पाय सुटला की आवाजसुद्धा होत नाही बघा. मोजल्यावरच कळायचं कोणी गेलं ते.’

‘आणि मोजणी बरोबर आली तर?’

पहारेकऱ्याला प्रश्न कळला नाही. ‘मग चांगलंच की,’ तो म्हणाला.

४

कारखान्यात बदली कामगार असत. त्यांना नेमणूक नसे. रोज पहाटे ते फाटकाबाहेर ओळीनं उभे राहत आणि कायम कामगारांपैकी कोणी गैरहजर राहिला की त्याच्या जागी एकाला आत घेत. मस्टर काचेतून त्यांना बघत. बिचारे फार नम्र असत. फाटकातून आत जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या चेहऱ्याकडे बघत. हा खोकतोय का, याचा पाय लंगडतोय का. वाईट चिंतत नसत कोणाचं. जागा कधी होईल एवढंच बघत.

दुपारी पुस्तक उघडं टाकून मस्टर हे आठवत बसले. पहिल्या दिवशी गट पूर्ण होता, तेव्हा त्या दहाव्यानं बाहेरून नुसती वर्दी दिली : दहा. दुसऱ्या दिवशी जागा झाली, आणि तो आत आला. इतका सफाईनं आला की चहाचे पेले नसते तर कोणाला कळलंही नसतं.

मग बुद्धीनं त्यांना दटावलं. अरे, तू शिकलासवरलेला माणूस. म्हातारी माणसं, वारा, डोळे मिटलेले. प्रतिध्वनी असेल. कठड्यावरून आवाज परततो.

पण प्रतिध्वनीनं आठचा आवाज आठ म्हणूनच परतवला असता. ताईनं आठ म्हटलं होतं. आठाचा नऊ करून देणारा प्रतिध्वनी मस्टरांनी कुठे वाचला नव्हता.

संध्याकाळी त्यांनी ताईसमोर खुर्ची ओढली.

‘उद्यापासून तलावावर जायचं नाही.’

‘बरं झालं सांगितलंस. मग काय करू? खिडकी मोकळी आहे, तिथे बसू?’

‘ताई, चेष्टा नाही. तुझ्या पलीकडे जे उभं राहतं ते—’

‘ते काय?’ ती शांतपणे म्हणाली. ‘मला भीती नाही वाटत. तुला सांगू का? हे गेल्यापासून कुठल्याही ओळीत मी शेवटची. लग्नात, पंगतीत, दवाखान्यात. माझ्या पलीकडे कोणी नाही. त्या दिवशी हात लावला तर खांदा लागला. ओला का असेना. बरं वाटलं मला.’

मस्टरांनी रात्री तिचे चालण्याचे बूट कपाटावर लपवले. सकाळी ती त्यांच्याच वहाणा घालून तयार होती आणि वरून विचारत होती, ‘निघायचं का, की हजेरी घेऊन निघायचं?’

पालथ्या घड्यावर पाणी. मग त्यांनी ठरवलं : तिला थांबवता येत नाही ना, तर जागा बदलायची. टोकाला आपण उभं राहायचं आणि डोळे उघडे ठेवायचे.

५

त्या दिवशी लाटा कठड्याच्या वर हातभर उसळत होत्या. पहारेकऱ्यानं लाल बावटा लावला होता.

‘आज राहू दे, सर,’ टेलरबाई म्हणाल्या. कालचा ताप उतरला म्हणून त्या आल्या होत्या.

‘अकरा वर्षं!’ सर वाऱ्यावर ओरडले. ‘दहा मिनिटं श्वास, मोजणी, चहा! उगीच घाबरायचं नाही!’ आणि पहारेकऱ्याकडे बघून ‘नऊ!’ म्हणाले. पहारेकऱ्यानं मान हलवून लिहिलं. बावटा एकट्यादुकट्यासाठी होता.

मस्टर ओळीच्या टोकाला गेले. सलूनवाल्यानं आवाज दिला, ‘काय मस्टर, बढती की काय?’ डावीकडे ताई, तिच्यापलीकडे टेलरबाई. उजवीकडे साखळी, पायऱ्या, पाणी. आणखी काही नाही. मस्टरांनी ताईच्या दंडाला धरलं.

‘हात वर!’ सर ओरडले. ताईनं झटक्यात दंड सोडवून घेतला. ‘सोड रे, लोक बघतात.’

मस्टर उजवीकडे बघत राहिले. साखळी वाऱ्यानं हलत होती. दहा मिनिटं त्यांनी पापणी लवू दिली नाही. मोजणी आली. ताई ‘आठ’ म्हणाली, तिचा ऊबदार हात खांद्यावर पडला. ‘नऊ!’ मस्टर म्हणाले आणि कानांत प्राण आणून थांबले.

दहा कोणी म्हणालं नाही.

त्यांना हसू फुटलं. चौतीस वर्षांच्या नोकरीनं माणूस किती बिघडतो, असं ते ताईला सांगणार होते. तेवढ्यात समोरचं पाणी उभं राहिलं.

लाट कठड्यावरून आली ती कमरेपर्यंत. डोळ्यांत, नाकात पाणी. मस्टरांनी साखळी धरली. मग ती लाट परत फिरली आणि पायाखालून फरशीच ओढून नेते आहे असं त्यांना वाटलं. कोणी किंचाळलं नाही. नुसती गाज.

‘डोळे मिटून राहा! हलू नका! मोजणी!’ सरांचा आवाज आला. ‘एक!’

दोन. तीन. चार. मस्टरांना डोळे उघडता येत नव्हते; पाणी झोंबत होतं. पाच. सहा. टेलरबाईंचा खोकत आलेला ‘सात’.

‘आठ,’ कोणीतरी नम्रपणे म्हणालं.

आणि मस्टरांच्या खांद्यावर हात पडला. भिजलेल्या लोकरीची बाही गालाला घासली.

मस्टरांच्या तोंडाशी ‘नऊ’ आला होता. चौतीस वर्षांत त्यांनी समोरचा आकडा कधी अर्धा सोडला नव्हता. पण तो म्हटला की गट पूर्ण होणार होता. गट पूर्ण झाला की सगळे वळणार, चालू लागणार, आणि वहीत दोन्ही रकाने जुळणार. त्यांनी दात दातांवर दाबले.

‘नऊ?’ सर ओरडले. ‘नऊ कुठाय?’

खांद्यावरचा हात थोडा दाबला गेला. सौजन्यानं, दुकानात रांगेतला मागचा माणूस ‘तुमचा नंबर’ म्हणून खुणावतो तसा. मस्टर बोलले नाहीत. त्यांनी डोळे फाडून खाली पाहिलं. पायऱ्यांच्या तिसऱ्या टप्प्याशी, फेसात, एक करडं डोकं आणि लोखंडी कडी पकडलेला एक हात.

त्यांनी साखळी सोडली आणि पायऱ्यांवर उडी टाकली.

त्याच वेळी वर, ते उभे होते बरोबर त्या जागेवरून, त्यांच्याच आवाजात कोणीतरी म्हणालं :

‘नऊ.’

‘झालं!’ सर म्हणाले. ‘चला, चहा!’

६

मस्टरांनी ताईचं मनगट धरलं ते हाडापर्यंत. छातीभर पाणी होतं आणि दर लाटेला दोघं पायरीवर आपटत होते.

‘ओरड ना, बाळ्या!’ ताई दम खात म्हणाली. ‘माझा आवाज गेलाय. ओरड!’

ते ओरडले. सरांना हाक मारली, सलूनवाल्याला शिवी दिली, पहारेकऱ्याच्या नावानं बोंब ठोकली. गाजेनं सगळं गिळलं. पुढची लाट ओसरली तेव्हा कठड्यावरून पलीकडचं जरासं दिसलं. मंडळी पाठमोरी टपरीकडे निघाली होती. सर पुढे. सलूनवाला ओले हात झटकत काहीतरी सांगत होता आणि टेलरबाई हसत होत्या. पहारेकरी खुर्चीत वाकून लिहीत होता.

मस्टरांनी मोजलं. मोजायचं नव्हतं, तरी मोजलं. नऊ भरले.

ओळीच्या शेवटी एक म्हातारी हळूहळू चालत होती, आणि एका वाकलेल्या माणसानं तिचा दंड फार जपून धरला होता.

‘आले का कोणी?’ ताईनं विचारलं. तिचं तोंड भिंतीकडे होतं. तिला वरचं काही दिसत नव्हतं.

तो माणूस थांबला. त्यानं मागे वळून तलावाकडे पाहिलं. अंतर फार होतं, तुषार उडत होते, चेहरा काही नीट दिसला नाही. पोहायला उतरलेल्या अनोळखी लोकांना आपण काठावरून करतो तसा त्यानं हात केला, आणि म्हातारीला सांभाळत तो पुढे गेला.

‘येताहेत,’ मस्टर म्हणाले, आणि तिचं मनगट आणखी घट्ट धरलं.